मेन बंद होता, तरी करंट होता : घरातला टायमर स्विच बदलताना काय सांभाळावं

लाखांदूरच्या आमच्या घरात न्हाणीघर अंगणाच्या पलीकडे आहे. अम्मी-अब्बू दोघांचंही वय झालेलं. फजरच्या आधी वुजूसाठी उठायचं तर अंधारात अंगण ओलांडावं लागतं. घरामागेच धानाच्या बांध्या आहेत, त्यामुळे पावसाळ्यात अंगणात साप-विंचू निघणं आमच्याकडे नवं नाही. म्हणून काही वर्षांपूर्वी अंगणातल्या दिव्याला टायमर स्विच बसवला. मगरिबच्या सुमारास दिवा आपोआप लागायचा, रात्री दहाला विझायचा आणि पहाटे चारला परत लागायचा. लाईट गेली तरी अंगणात अंधार होऊ नये, म्हणून हा दिवा इन्व्हर्टरच्या लाईनवर घेतला होता. ही शेवटची गोष्ट आम्ही सगळेच विसरून गेलो होतो.

गेल्या हिवाळ्यात टायमर बिघडला. चकती फिरेना आणि दिवा दिवसभर जळत राहू लागला. सुट्टीला घरी आलेला धाकटा भाऊ म्हणाला, "आपा, दहा मिनिटांचं काम आहे, वायरमनला कशाला बोलावता?" वडसाहून येताना त्याने नवा टायमर आणला. मेन स्विच खाली केला, स्टूलावर चढला, बोर्ड उघडला आणि जुन्या टायमरची तार सोडवायला हात घातला. पुढच्या क्षणी तो स्टूलावरून खाली पडला. जीव वाचला, अल्हम्दुलिल्लाह. मनगटाचं हाड मोडलं आणि सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला.

दुसऱ्या दिवशी वायरमन भाऊ आले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मॅडम, मेन बंद केला तेव्हा हॉलमधला पंखा फिरत होता का?"

फिरत होता. मी त्याच पंख्याखाली बसून वह्या तपासत होते. दरवर्षी मुलांना विद्युतधारेचा धडा शिकवणारी मी, आणि मेन बंद असताना डोक्यावर फिरणारा पंखा काय सांगतो आहे ते मला कळलं नाही. म्हणून हा लेख. टायमर बदलणं खरंच दहा मिनिटांचं काम आहे. पण त्याआधी तारेत करंट नाही याची खात्री करायला जी पाच-दहा मिनिटं लागतात, तेच खरं काम.

जीव जायला किती करंट लागतो?

आपल्या घरात येणारा पुरवठा २३० व्होल्टचा असतो. "थोडासा करंट लागला" असं आपण सहज म्हणतो, पण थोडा म्हणजे किती ते पाहू.

आपल्या घरांत रात्रभर जळणारा जुना झिरोचा बल्ब आठवा. नाव झिरो असलं तरी तो साधारण १५ वॅटचा असतो. १५ ला २३० ने भागलं तर सुमारे ०.०६५ अँपिअर, म्हणजे ६५ मिलिअँपिअर येतात. आता माणसाचा हिशेब पाहा. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडवता येत नाही. ३० च्या आसपास श्वासाचे स्नायू अडकू लागतात. ५० च्या पुढे काही क्षण करंट छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. म्हणजे झिरोचा बल्ब पेटायला जेवढा करंट लागतो, तेवढा माणूस जायला पुरेसा आहे.

कुणी म्हणेल, आमच्याकडे एमसीबी आहे, ती पडेल की. पडणार नाही. ६ अँपिअरची एमसीबी म्हणजे ६,००० मिलिअँपिअर. ती तारा जळू नयेत, आग लागू नये म्हणून असते. माणसाच्या अंगातून जाणारे ६५ मिलिअँपिअर तिच्या खिजगणतीतही नसतात.

मेन बंद म्हणजे सगळं बंद नव्हे

आपल्या भागात घरोघरी इन्व्हर्टर आले ते भारनियमनामुळे. २००५ साली वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण कंपनी झाली. त्या सुमाराच्या वर्षांत विदर्भातल्या गावांनी तासन् तास अंधार काढला, तो काळ आपल्या पिढीला चांगलाच आठवतो. तेव्हापासून घरातल्या वायरिंगमध्ये एकाऐवजी दोन पुरवठे झाले, एक खांबावरून येणारा आणि दुसरा इन्व्हर्टरमधून. आपण मेन बंद करतो तेव्हा इन्व्हर्टर समजतो की लाईट गेली, आणि तो लगेच आपला पुरवठा सुरू करतो. बॅटरी १२ व्होल्टची असली तरी इन्व्हर्टरमधून बाहेर पडणारी वीज खांबावरच्या विजेइतकीच, २२०-२३० व्होल्टची असते. तिचा झटकाही तितकाच जीवघेणा.

मग फक्त इन्व्हर्टरचं बटण बंद करून चालेल का? तेही नाही. अनेक इन्व्हर्टरमध्ये बटण बंद असलं तरी खांबावरची वीज आतूनच पुढे जात राहते. म्हणून मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करायचे. छतावर सोलर बसवलं असेल तर त्याचाही स्विच बंद करायचा.

धोक्याची आणखी दोन ठिकाणं आहेत. पहिलं म्हणजे एकेरी एमसीबी किंवा एकेरी फ्यूज. ती फक्त एकच तार तोडते. पूर्वी कधी दुरुस्तीत फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली असेल, तर एमसीबी न्यूट्रल तोडते आणि फेज तशीच जिवंत राहते. म्हणून दोन्ही तारा एकदम तोडणारा डबल पोल मेन स्विचच बंद करायचा. दुसरं, "काळी तार न्यूट्रलची, तिला हात लावला तरी चालतो" हा समज. न्यूट्रल मागे कुठे तुटलेली असेल आणि पुढे बल्ब जोडलेला असेल, तर बल्बमधून फेज त्याच काळ्या तारेत येते. आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे लाल फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थिंगची. पण जुन्या घरात ज्याला जी तार मिळाली ती त्याने लावलेली असते. रंगावर विश्वास ठेवू नका.

हे काम आपण करावं का?

कायदा इथे बराच स्पष्ट आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत असं ठरलं होतं की ग्राहकाच्या घरातलं वायरिंगचं काम, वाढवणं, बदलणं, दुरुस्ती, हे सगळं परवानाधारक ठेकेदारानेच करायचं. मात्र बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं यांची जागच्या जागी अदलाबदल यातून वगळली होती. अट एकच, त्या बदलाने जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. २०१० च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांतही हाच भेद राहिला.

घरगुती भाषेत याचा अर्थ असा : जुना टायमर काढून त्याच जागी, त्याच तारांवर, तेवढ्याच क्षमतेचा टायमर बसवणं घरचा माणूस करू शकतो. पण जिथे टायमर नव्हताच तिथे नवी लाईन ओढणं, दिव्याच्या लाईनवर मोटार किंवा गिझर जोडणं, इन्व्हर्टरची लाईन बदलणं, ही कामं परवानाधारकाची.

पुढीलपैकी काहीही दिसलं तर नियम बाजूला ठेवा आणि सरळ जाणकार वायरमनला बोलवा :

- भिंत ओलसर आहे किंवा बोर्डात पाणी-मुंग्या शिरल्या आहेत
- तारांचं आवरण काळं पडलंय, वितळलंय किंवा हात लावताच तुटतंय
- बोर्डात अॅल्युमिनियमच्या जुन्या तारा आहेत
- घराला अर्थिंगच नाही
- बोर्डात कोणती तार कुठून आली हे कळत नाही
- सगळं बंद करूनही मीटरवर व्होल्ट दिसतात

मीटरपर्यंतची लाईन आणि मीटरचं सील महावितरणच्या अखत्यारीत येतं. तिथे बिघाड वाटला तर १९१२ वर फोन करायचा, स्वतः हात घालायचा नाही. मस्जिद, मदरसा, शाळा, शादीखाना इथली टायमरची कामंही "आपलाच पोरगा करून देतो" असं म्हणून उरकू नयेत. तिथे शेकडो माणसांचा वावर असतो, हौदाजवळ जमीन ओली असते. कमिटीने ते परवानाधारकाकडूनच करून घ्यावं.

नवा टायमर घेताना

बाजारात साधारण दोन प्रकार मिळतात. एक चकतीचा. त्याच्या कडेला छोट्या खुंट्या असतात. ९६ खुंट्या असतील तर एक खुंटी १५ मिनिटांची, ४८ असतील तर अर्ध्या तासाची. हा समजायला सोपा, आमच्या अम्मीही लावतात. पण साध्या चकतीच्या टायमरचं घड्याळ विजेवर चालतं. लाईट दोन तास गेली की घड्याळ दोन तास मागे पडतं आणि मगरिबचा दिवा इशाला लागतो. दुसरा डिजिटल. त्यात छोटा सेल असतो, लाईट गेली तरी वेळ चुकत नाही. आठवड्याच्या प्रत्येक दिवसाची वेगळी वेळही लावता येते. जिथे लाईट वारंवार जाते आणि टायमर इन्व्हर्टरवर नाही, तिथे डिजिटलच बरा.

त्याहून महत्त्वाचा आहे टायमरवर छापलेला अँपिअरचा आकडा. बऱ्याच टायमरवर "१६ (४) अँपिअर" असं लिहिलेलं असतं. दुकानदार म्हणतो, सोळा अँपिअरचा आहे, काहीही चालवा. पण बाहेरचा आकडा गिझर, साधा बल्ब अशा फक्त तापणाऱ्या उपकरणांसाठी असतो. कंसातला आकडा मोटारसारख्या उपकरणांसाठी असतो. म्हणजे हाच टायमर मोटारीसाठी फक्त चार अँपिअरचा.

हिशेब करून पाहू. २,००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर घेतो आणि ३,००० वॅटचा सुमारे १३. हे सोळाच्या आत बसतं. पण एक हॉर्सपॉवरची पाण्याची मोटार चालताना साधारण पाच-सहा अँपिअर घेते, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. तिला हा टायमर पुरत नाही. आतले पॉइंट तापून एकमेकांना चिकटतात आणि टायमर "बंद" दाखवत असतानाही मोटार चालूच राहते. टाकी वाहते, मोटार कोरडी फिरून जळते, कधी बोर्ड पेट घेतो. मोटारीला टायमर लावायचाच असेल तर मध्ये कॉन्टॅक्टर लागतो. टायमर कॉन्टॅक्टरला हुकूम देतो आणि मोटारीचा भार कॉन्टॅक्टर उचलतो. ती जोडणी वायरमनकडूनच करून घ्यावी.

दिव्यासाठी घेत असाल तरी जुन्या टायमरचा फोटो काढून दुकानात न्या. आकार, स्क्रूची संख्या आणि अँपिअर जुळले की निम्मं काम सोपं होतं.

कामाला लागण्याआधी

दिवसा उजेडी काम करा, कारण मेन बंद केल्यावर खोलीत अंधार होणार आहे. रोजा असेल तर इफ्तारच्या आधीची थकलेली वेळ टाळा. पाऊस चालू असताना नको. हात-पाय कोरडे, पायात रबरी चप्पल किंवा बूट. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवा. चढायला लाकडी स्टूल किंवा लाकडी शिडी घ्या, लोखंडी नको. आणि घरात दुसरं मोठं माणूस हजर असू द्या. मेन आणि इन्व्हर्टर कुठे आहेत ते त्याला आधीच दाखवून ठेवा.

हत्यारं फार लागत नाहीत : प्लास्टिकच्या मुठीचे स्क्रू ड्रायव्हर, तार सोलायचा पक्कड, चिकटपट्टी आणि एक डिजिटल मल्टीमीटर. मल्टीमीटर नसेल तर कुणाकडून तरी मागून आणा. त्याच्या प्रोबच्या तारा फाटलेल्या नसाव्यात.

आता वीज बंद करायची. क्रम असा :

१. इन्व्हर्टरचं बटण बंद.
२. घराचा डबल पोल मेन बंद. जुना किटकॅट फ्यूज असेल तर मेन खाली केल्यावर तो काढून स्वतःच्या खिशात ठेवा.
३. इन्व्हर्टरचा भिंतीतला प्लग काढून ठेवा.
४. मेनवर चिकटपट्टी लावा आणि चिठ्ठी चिकटवा : "काम चालू आहे, हात लावू नये." मुलांना तोंडी सांगा. पंखा का बंद झाला म्हणून मेन वर करणारं कुणीतरी घरात असतंच.
५. घरभर फिरून बघा. एखादा पंखा फिरतोय? वायफायचा दिवा लुकलुकतोय? काही चालू असेल, तर तिथेच थांबा. कुठून तरी वीज येते आहे.

ही पाचवी पायरी आमच्या घरात त्या दिवशी झाली नाही.

तारेत करंट नाही, हे कसं ठरवायचं?

आपल्याकडे सगळ्यांचा भरवसा टेस्टरवर. टेस्टरचा छोटा दिवा आपल्या अंगातून जाणाऱ्या अगदी बारीक करंटवर पेटतो. आपण रबरी चप्पल घालून लाकडी स्टूलावर उभे असलो की तो मंद होतो, उन्हात तर दिसतही नाही. टेस्टर पेटला तर करंट नक्की आहे. पण नाही पेटला, तर करंट नाही असं ठरत नाही.

म्हणून मल्टीमीटर. तो एसी व्होल्टच्या मोठ्या रेंजवर ठेवा, ६०० किंवा ७५०. लाल प्रोब व्होल्टच्याच भोकात आहे ना ते पाहा. अँपिअरच्या भोकात असेल आणि तशीच तपासणी केली तर शॉर्ट होईल. मग तीन वेळा तपासायचं :

पहिल्यांदा, वीज बंद करण्याआधी, चालू सॉकेटवर. तिथे २३० च्या आसपास आकडा आला म्हणजे मीटर ठीक आहे.

दुसऱ्यांदा, वीज बंद केल्यावर, टायमरच्या तारांवर. बोर्डाचं झाकण काढा, पण तारांना बोट लावू नका. फेज आणि न्यूट्रल, फेज आणि अर्थिंग, न्यूट्रल आणि अर्थिंग, अशा तिन्ही जोड्या तपासा. टायमरला आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही बाजूंच्या तारा तपासा. सगळीकडे शून्य आलं पाहिजे. कुठे वीस-तीस-चाळीस असं काही दिसलं तर "किरकोळ आहे" म्हणून पुढे जाऊ नका. ती तार जिवंत समजा आणि वायरमनला बोलवा.

तिसऱ्यांदा, मीटर पुन्हा चालू सॉकेटवर. आपल्या घरात वीज बंद आहे, म्हणून शेजाऱ्यांकडे जावं लागेल. दोन पावलं जास्त चालावी लागतील, पण त्याला कारण आहे. मधल्या वेळात मीटरचा सेल संपला किंवा प्रोबची तार आतून तुटली, तर जिवंत तारेवरही तो शून्यच दाखवील. शेजाऱ्यांकडे पुन्हा २३० दिसले, तरच आपल्या बोर्डातलं शून्य खरं.

जुना काढा, नवा लावा

आधी मोबाइलवर दोन-तीन कोनांतून फोटो घ्या. मग प्रत्येक तारेला चिकटपट्टीचा तुकडा लावून लिहा : "फेज आत", "न्यूट्रल आत", "फेज दिव्याकडे", "न्यूट्रल दिव्याकडे". एका वेळी एकच तार सोडवा.

साध्या टायमरला चार स्क्रू असतात. दोन आत येणाऱ्या तारांचे आणि दोन दिव्याकडे जाणाऱ्या तारांचे. काही डिजिटल टायमरला पाच असतात : दोन त्याच्या घड्याळासाठी, आणि कॉम, एनओ, एनसी असे तीन. कॉम म्हणजे जिथे फेज द्यायची ती जागा. एनओ म्हणजे टायमर चालू झाल्यावरच जुळणारी जागा, दिव्याची तार इथे. एनसी म्हणजे उलट, टायमर बंद असताना जुळलेली. एनसीवर दिवा जोडला तर तो दिवसा जळेल आणि रात्री विझेल. या प्रकारात घड्याळाच्या फेजपासून कॉमपर्यंत एक छोटी तार जोडावी लागते. डब्यातल्या कागदावरचा नकाशा पाहूनच जोडा. जुन्याला चार स्क्रू आणि नव्याला पाच असतील आणि नकाशा कळला नाही, तर दुकानात जाऊन बदलून आणा.

जोडताना एवढं सांभाळा :

- टायमरने फेजच तोडली पाहिजे. न्यूट्रल तोडली तरी दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज तशीच राहते. उद्या बल्ब बदलणाऱ्याला शॉक बसतो.
- तार आठ-दहा मिलिमीटरच सोला. स्क्रूबाहेर उघडं तांबं दिसता कामा नये, एकही बारीक केस बाहेर निघता कामा नये.
- स्क्रू घट्ट करा आणि प्रत्येक तार हलकेच ओढून पाहा. ढिला स्क्रू तापतो, आणि बोर्ड जळण्याची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.
- अर्थिंगची हिरवी तार टायमरमध्ये घालायची नाही. ती अखंड दिव्याच्या धातूच्या भागापर्यंत जाऊ द्या.
- तार कमी पडली तर पिळून चिकटपट्टी गुंडाळू नका. कनेक्टर वापरा.

झाकण पूर्ण बसवल्यावरच मेन लावायचा. आधी मेन, मग इन्व्हर्टरचा प्लग, शेवटी इन्व्हर्टरचं बटण. उघड्या बोर्डावर "एकदा लावून तर पाहू" हा मोह नको.

टायमरवर आधी आत्ताची वेळ लावा. घड्याळ २४ तासांचं असतं, संध्याकाळचे सात म्हणजे १९. एकदा हाताने चालू-बंद करून पाहा, मग वेळा लावा. आपल्या भागात डिसेंबर आणि जूनच्या सूर्यास्तात जवळजवळ दीड तासाचा फरक पडतो, म्हणून दर महिन्या-दोन महिन्यांनी वेळ सरकवावी लागते. अर्ध्या तासाने झाकणावर हात ठेवून पाहा. दिव्याचा टायमर फारसा तापत नाही. गरम लागला, घरघर आली किंवा जळका वास आला, तर पुन्हा सगळं बंद करा आणि वायरमनला दाखवा.

आरसीसीबी आहे का घरात?

माणसाला वाचवणारं उपकरण वेगळं आहे. त्याचं नाव आरसीसीबी, घरासाठी ३० मिलिअँपिअरचं. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत येतो का, हे ते मोजत असतं. कमी परत आला, म्हणजे काही करंट माणसातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत गेला, की ते क्षणार्धात लाईन तोडतं. त्यावर "टेस्ट" असं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबून पाहा. दाबल्यावर पडलं नाही तर ते निकामी आहे.

पण इन्व्हर्टर असलेल्या घरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आरसीसीबी मेनजवळ असेल आणि इन्व्हर्टर तिच्या पुढे, तर लाईट गेल्यावर इन्व्हर्टरच्या लाईनवर तिचं लक्ष नसतं. इन्व्हर्टरच्या लाईनसाठी वेगळी आरसीसीबी लागते. वायरमनला हे मुद्दाम विचारा. आमच्याकडे ती भावाचा हात मोडल्यावर बसली.

शॉक बसलाच तर

चिकटलेल्या माणसाला हाताने ओढू नका, नाहीतर दुसराही अडकतो. आधी मेन आणि इन्व्हर्टर बंद करा. ते जमलं नाही तर कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने त्याला तारेपासून बाजूला करा. १०८ वर ॲम्ब्युलन्स बोलवा. माणूस बेशुद्ध असेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर त्याला कडक जमिनीवर उताणं झोपवा, छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवा आणि मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका. माणूस उठून बसला, "मला काही झालं नाही" म्हणाला, तरी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढून घ्या.

आमच्या अंगणातला दिवा आता पुन्हा वेळेवर लागतो. नवा टायमर भावानेच बसवला, प्लास्टर निघाल्यावर, वायरमन भाऊ शेजारी उभे असताना. मेन आणि इन्व्हर्टर बंद केल्यावर तो आधी हॉलमध्ये गेला आणि पंख्याकडे बघत उभा राहिला. पातं थांबलं तेव्हाच स्टूलावर चढला. अम्मी दुआ करत ओसरीत बसल्या होत्या. दुआ हवीच. पण तवक्कुल म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. आपल्या घरातही कुणी "दहा मिनिटांचं काम आहे" म्हणत स्टूल ओढेल, तेव्हा त्याला एवढंच विचारा : पंखा थांबला का?